साडूंचा तुलनात्मक लाभ

जगात एखादी गोष्ट फुकट मिळते असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या साडूंच्या घरी चहाला जाऊ नये. कप हातात येण्याआधीच ते विचारतात, "चहा घेतलात, म्हणजे सोडलंत काय?" नवखा माणूस गोंधळून "साखर" म्हणतो. मग साडू समजावून सांगतात, की पोटात जागा एकाचीच होती, घरात ताकही होतं, तेव्हा या चहाची खरी किंमत म्हणजे न प्यालेलं ताक. याला संधी खर्च म्हणायचं. तोवर चहा पार गार होतो, पण त्याचा खर्च कुणाच्या नावावर धरायचा हे मात्र ते कधी सांगत नाहीत.

आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या एका कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, म्हणजे पोरं सुटली आणि नातेवाईक सापडले. धाराशिवला जायचं तर एसटीनं की जीपनं, यावर ते स्टँडवर बोटांची पेरं मोजत उभे राहतात. एसटीनं गेलं तर काय सुटतं, जीपनं गेलं तर काय सुटतं, असं चालू असताना दोन्ही सुटतात, आणि "चला, प्रश्न मिटला" म्हणत गृहस्थ घरी परत येतात. एकदा सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला आम्ही नऊ-दहा जण गेलो होतो. रांग पाहून साडूंनी घड्याळात बघितलं, दोन तासांत काय काय होऊ शकतं याची यादी केली, आणि बाहेरूनच कळसाला हात जोडून बाजूला झाले. दर्शन घेऊन आम्ही बाहेर आलो तर हे आमच्या चपलांच्या ढिगाशेजारी उन्हात उभे. वाचवलेल्या दोन तासांत केलंत काय, असं मी विचारलं. "चपला राखल्या," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्यापैकी कुणी राखल्या असत्या तर त्याचं दर्शन बुडालं असतं. माझं काय बुडणार होतं? म्हणजे हे काम सगळ्यांत स्वस्तात मलाच पडतं. तुलनात्मक लाभ!" आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

पण त्यांच्या शास्त्राचा खरा मुक्काम होता घरात. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. लग्नानंतर साडूंनी म्हणे हिशेब मांडला. संध्याकाळच्या एका तासात अक्का वीस भाकरी थापतात, किंवा दोन किलो खवा आटवतात. साडू स्वतः त्याच तासात जेमतेम चार भाकरी थापतील, किंवा एक किलो खवा आटवतील. म्हणजे दोन्हींत अक्काच वरचढ. साधा माणूस इथं लाजून गप्प बसला असता. साडूंनी पुढचं गणित केलं : अक्कांनी किलोभर खवा केला तर दहा भाकरी बुडतात, आपण केला तर चारच. तेव्हा खवा आपला, भाकरी तिची. त्या दिवसापासून हे प्राध्यापक कॉलेजातून येऊन, लुंगी गुंडाळून, कढईत उलथनं फिरवत उभे राहिले ते आजवर. गणितात चूक नव्हती, आणि खवा तर असा व्हायचा की खव्यासाठी नावाजलेल्या भूमवरनंही लोक मागायला यायचे.

गेल्या साली येळवस, म्हणजे रानातली वेळ अमावस्या, आठ दिवसांवर आली असताना अक्का गोठ्यात घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. येळवशीला आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे रानात, कडब्याची कोपी उभारून तिच्यात लक्ष्मी मांडतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, भाकरी घेऊन जातात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. साडूंनी लगेच मार्ग काढला. शेजाऱ्याचं बोलावणं आहे, यंदा त्यांच्याच रानात जेवू, सगळ्यांत कमी तोशीस. अक्का म्हणाल्या, "बत्तीस वर्सांत माझ्या कोपीवरनं कुणी उपाशी गेलं न्हाय. आन् यंदा म्या लोकाच्या रानात ताट घिऊन बसू व्हय?" एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस त्या जेवल्याही नाहीत नीट.

भज्जी-आंबील माझी बायको करणार होती, पण भाकरी तिला येत नाही. शेवटी साडूच परातीपुढं बसले. पहिले तीन दिवस सगळा माल म्हशींनी खाल्ला. अक्का बाजेवरनं ओरडायच्या, "आवं, थापताय का झोडपताय? पाणी लावा की जरा!" येळवशीला तीस-पस्तीस माणसं जेवली. भाकरीला कडा नव्हत्या, कोपरे होते. "सर, ही भाकर हाय का भूमितीची आकृती?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळं रान हसलं. कोपीच्या तोंडाशी बसून अक्का डाव्या हातानं येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवत होत्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी घरी आलो तर साडूंनी पुन्हा चूल पेटवली. सकाळच्या भाकरी वातड झाल्यात म्हणाले. एक भाकरी चक्क टम्म फुगली. ती तव्यावरनं उचलून त्यांनी तशीच अक्कांच्या ताटात टाकली. अक्कांनी डाव्या हातानं तुकडा मोडला आणि वाफेकडं बघत बसल्या.

"कच्ची राहिली का?" साडूंनी घाबरून विचारलं.

"न्हाय वो. लगीन झाल्यापासनं अशी गरम भाकर कुणी माझ्या ताटात टाकली न्हवती. थापणारीनं शेवटीच बसायचं, गारच खायची."

साडूंचा हात परातीत तसाच राहिला. मला त्यांचं फार वाईट वाटलं. माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं.

अक्कांचा हात आता बरा आहे. तरी संध्याकाळच्या भाकरी साडूच थापतात, आणि खवा निम्माच निघतो. परवा मी मुद्दाम छेडलं, "काय साडूभाऊ, हे बसतंय का तुमच्या गणितात?"

"नाही बसत," ते म्हणाले, आणि पहिली भाकरी तव्यावर टाकून त्यांनी अक्कांना जेवायला हाक मारली.