उपाशी ठेवलेलं झाड

माझ्या हाताला गुण नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी कुंपणाला लावायला मूठभर वालाचं बी दिलं, त्यातला एकही वेल वर आला नाही. शेजारणीनं त्याच दिवशी लावलेला वाल तिच्या छपरावर चढला. सासर चिचगडकडचं, पिढ्यान्पिढ्या धान पिकवणारं. गावचा तलाव आमच्या वाडवडिलांनी बांधला, हे अजूनही पाहुण्याला पाण्याच्या आधी सांगितलं जातं. अशा घरात जिच्या हातानं साधा वाल उगवत नाही, त्या सुनेची काय किंमत असते ते मी वेगळं सांगायला नको. पेरणीच्या दिवसांत गावी गेले की बियाण्याच्या टोपलीकडे माझा हात जायच्या आत कुणीतरी म्हणायचं, तू राहू दे, तू चहा ठेव. वीस वर्षं मी चहा ठेवला.

आता आम्ही गोंदियाजवळ कुडव्याला राहतो. मी घरीच ब्लाऊज शिवते, आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. एकदा दुपारी मोबाइलवर किडे खाणारं झाड दिसलं. दोन पाकळ्यांच्या जबड्यासारखं पान, कडेला दात, आत माशी शिरली की फट्कन मिटतं. मला वाटलं, हे झाड आपल्यासाठीच आहे. स्वतःचं जेवण स्वतः धरतं, माझ्या हातावर अवलंबून नाही. मागवलं.

खोक्यातून निघालं ते बोटभर रोप. सासूबाईंना त्याची दया आली. उन्हाळ्यात गावची बोडी, म्हणजे शेताजवळचं लहान तळं, आटली की तिच्या तळाचा गाळ शेतात टाकतात, आणि त्यातलं एक पोतं त्या दरवर्षी गाडीवर घालून कुडव्याला आणतात. त्यांच्या मते त्या गाळात काठी खोचली तरी पालवी फुटते. तो गाळ, दोन मुठी शेणखत आणि वर बोअरचं पाणी, असा पाहुणचार आम्ही दोघींनी मिळून केला. मी तर एका पानात उकडलेल्या अंड्याचा तुकडाही ठेवला. तीन आठवड्यांत झाड काळं पडून सडलं. सासूबाईंनी नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं.

ते पाहणं मला फार झोंबलं. मग मी हट्टाला पेटले आणि रोज शिवणकाम आटोपलं की त्या झाडाबद्दल मिळेल ते वाचू लागले. तेव्हा कळलं की ही झाडं मुळात दलदलीतली, तिथल्या मातीत काही कसच नसतो, म्हणून तर बिचारी किडे खायला शिकली. खत म्हणजे त्यांना विष, बोअरचं क्षाराचं पाणी त्याहून वाईट. म्हणजे आमचं झाड लाडानं मेलं होतं! मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत बसले.

दुसरं झाड थंडीच्या तोंडावर आलं. या वेळी मातीचा कणही नाही. नारळाचा भुसा आणि जाड रेती, दोन्ही इतक्या वेळा धुतली की नवरा म्हणाला, तांदूळ तरी इतके धूत जा. कुंडी प्लॅस्टिकची, खाली थाळीत बोटभर पाणी, जागा गच्चीवर भर उन्हात. पाणी पावसाचं हवं, ते काही साठवलेलं नव्हतं, म्हणून बॅटरीत घालतात ते आणलं. दुकानदारानं विचारलं, गाडी कौनसी है? मी म्हटलं, गाडी नहीं, पौधा है. त्यानं कॅन दिला, पण माझ्याकडे पाहणं काही थांबवलं नाही.

एका दुपारी गच्चीवर गेले तर सासूबाई कुंडीपाशी उभ्या, मुठीत शेणखत. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"झाडाले उपाशी ठेवून राहिली तू," त्या म्हणाल्या. "काऊन? कोणता गुन्हा केला त्यानं?"

मी तडकले. पहिलं झाड तुमच्या गाळानं मेलं, माझ्या हातानं नाही, असं तोंडावर सांगितलं. त्यांनी खत तिथंच टाकलं, हात धुतले आणि खाली गेल्या. दोन दिवस जे काही बोलायचं ते नवऱ्यामार्फत. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. आणि नेमकं पौषात झाड काळवंडलं. थंडीत ते झोपतं, असं मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि रोज वर जाऊन मेल्यासारखं झाड पाहणं वेगळं. हेही गेलं तर मरेपर्यंत चहाच ठेवायचा, असं मनात येई. फाल्गुनात मधोमध एक हिरवं टोक दिसलं तेव्हा मी गच्चीवरूनच नवऱ्याला हाका मारल्या.

खरी कसोटी वैशाखात आली. आमच्याकडचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. दुपारपुरती मी जुन्या साडीची सावली केली होती. तेवढ्यात सालेकशाला माहेरी भाच्याचं लग्न निघालं, आणि आठ दिवस झाड सासूबाईंवर सोपवावं लागलं. थाळीत पाणी, साडीची सावली, बाकी काही म्हणजे काही नाही, एवढं सांगून मी गेले. लग्नात माझं अर्धं लक्ष गच्चीवर होतं. परत आले ती चपला न काढता वर गेले. थाळी भरलेली, कुंडीत खताचा कण नाही, आणि एका मिटलेल्या पानातून माशीचा पाय बाहेर आलेला. मागून सासूबाई आल्या. रोज यायची, पाहायची आणि परत जायची, असं त्यांनी सांगितलं. आयुष्यात काही न करण्याचे एवढे कष्ट कधी पडले नव्हते म्हणे.

पुढच्या फाल्गुनात त्या एका झाडाची मी चार केली. चारही लागली. मोठ्या जाऊबाई दवाखान्याच्या कामासाठी गोंदियाला आल्या होत्या, त्यांना गच्चीवर नेलं. उघडे लालबुंद जबडे पाहून त्या थक्क झाल्या आणि सवयीनं म्हणाल्या, आईंच्या हाताला गुणच तसा.

"माह्या हातानं मेलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "हे हिच्या हातचं आहे. लावाचं असन त हिलेच विचार."

वीस वर्षं वाट पाहिली होती, एकदा ऐकून माझं थोडंच भागणार होतं. मी म्हटलं, आई, नीट ऐकू नाही आलं. माझे कान ठणठणीत आहेत, हे तिथं उभ्या असलेल्या तिघींनाही ठाऊक होतं. सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि जाऊबाईंकडे वळून तेच पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं.