कळशी कोणाच्या हातची

ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक कोकणात, सावर्ड्यापासून एसटीने तासभर आत असलेल्या एका खेड्यात झाली. मी साताऱ्याकडची, एका भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. आम्ही बौद्ध, पण आडनावावरून ते कळत नसे आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. खोली मिळाली होती ती त्यामुळेच. म्हणून मी कोणाकडे फारशी जात नसे, कोणाला बोलावत नसे. शाळा सुटल्यावर पुढची संध्याकाळ सरता सरत नसे.

एकदा चौथीच्या मुलांना मी म्हटलं, "गावात कोणाला काय अडचण आहे ते तुम्हीच शोधा. काय करायचं तेही तुम्हीच ठरवा. मी सांगणार नाही."

दुसऱ्याच दिवशी बौद्धवाडीतली एक मुलगी उभी राहिली. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेलं की वर एक आजोबा एकटेच राहत. मुलगा मुंबईला, गुडघे धरलेले, उन्हाळ्यात विहीर आटलेली. "आमी सा जणं शाळेच्या विहिरीचं पानी न्हेऊ," ती म्हणाली. कोणी किती वाजता निघायचं, तेही तिनेच ठरवलं.

चौथ्या दिवशी मुलं हिरमुसून परतली. आजोबांनी तिला विचारलं होतं, तू कोणाची गं? तिने सांगितलं. त्यांनी तिची कळशी अंगणातच ओतायला लावली.

"ती नाय तर आमी पन नाय," एक मुलगा म्हणाला.

तीच त्याच्यावर चिडली. "मग ते काय पितील? तुमी रांजणात वता. माझी कळशी मी त्यांच्या कलमाला घालीन."

आणि तसंच चाललं. रोज पाच कळशा रांजणात, एक आंब्याच्या कलमाच्या बुडाशी. आजोबा ओटीवरून बघत.

एका शनिवारी एक मुलगा आजारी पडला, म्हणून त्याची कळशी मी घेतली. मला बघून आजोबांनी हात जोडले. "बाई, तुम्ही कशाला? आलात तर द्या, तुमच्या हातचं घोटभर पितो."

मी त्यांच्या तांब्यात पाणी ओतलं. ते प्यायले. ती मुलगी कलमापाशी वाकून पाणी घालत होती. मी काही बोलले नाही.

उतरताना बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि तिला म्हटलं, "मीही तुमच्यातलीच आहे."

तिने रिकामी कळशी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. "म्हायत हाय. आमच्या एका पावन्यानं तुमाला वळखलान. आये बोलली, कोनाला सांगू नुको, बाईंची खोली जायल."

आठ-नऊ महिने त्यांच्या वाडीने माझं गुपित राखलं होतं. मी मात्र त्यांच्या वाटेवरून खाली मान घालून जात होते.

रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला गेले, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. महिन्याभरात मालकिणीने खोली रिकामी करायला सांगितलं. कारण तिने दिलं नाही, मीही विचारलं नाही. सामान उचलायला सहाही मुलं न बोलावता आली.

आजोबांना मी स्वतःहून काही सांगितलं नाही. त्यांच्या कानावर गेलंच असेल. पाऊस लागला, पाणी नेणं थांबलं, आणि ती पाखाडी मी पुन्हा चढले नाही.