बिबड्यांची पाकिटं आणि हीटचा आकडा

पोरी, जरा कान इकडे कर बरं. पुण्याला आहेस तिथूनच कर. थोडं रागवायचंय तुला. लेबलं छापायचं ते मशीन घरात आणून ठेवलंस, "आत्या, याला शाई लागत नाही, नुसत्या उष्णतेनं अक्षर उमटतं," म्हणालीस, आणि दोन दिवसांत पसार! अर्धवट शिकवलेलं कसं भोवतं ते ऐक आता.

ज्वारीच्या पापडांची, आपल्या बिबड्यांची, दोनशे पाकिटं घेऊन मी नि माझ्या जाऊबाई धुळ्याच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं लेबलावरच्या पट्ट्यांवर लाल उजेड धरला, तर मशीन मुकंच. दहा पाकिटं धरली, एक बोलेल तर शपथ. दुकानदार म्हणाला, "मावशी, माल चांगलाय हो, पण बिल कसं करू? शनिवारपर्यंत लेबलं बदलून आणा, नाहीतर तुमची फळी दुसऱ्या बचत गटाला जाईल." ती फळी मिळवायला दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या आम्ही. खोकी उचलली नि जळगावला परत.

तुला फोन केला तर तू म्हणालीस, "हीट वाढव." आठ होती, ती दहा केली. पट्टे जाड झाले, एकमेकांना चिकटले. बारा केली तर नुसता काळा डाग. "मग कमी कर." सहा केली, तर पट्टे पुसट, चष्मा लावूनही दिसेनात. दर वेळी एक लेबल हातात घेऊन मी गल्लीतल्या मेडिकलमधल्या तसल्याच मशीनवर तपासायला. नवव्या खेपेला मेडिकलवाला म्हणाला, "मावशी, गोळी-बिळी काही हवीय का? का नुसती माझ्या मशीनची नाडी बघायला येता?" असा संताप आला! चुलीचा जाळ मी डोळे मिटून सांगते, आणि ह्या डबड्याचा जाळ मला कळेना.

शुक्रवारी दुपारी जाऊबाईंनी रोल हातात घेऊन उलटासुलटा केला. "हाई काय शे वं? बठ्ठा कागद काया पडी गया."

बघते तर खरंच, सगळा कागद काळवंडलेला. कागद पांढरा कुठे होता? राखेसारखा. आणि मला एकदम आठवलं. रोल माठाजवळ राहून ओलसर लागला होता, म्हणून मीच तो बिबड्यांशेजारी पत्र्यावर टाकला होता. लेबलं छापायच्या आधी, दिवसभर. वैशाखात. आपल्याकडे काही दमट लागलं की उन्हातच जातं ना गं! उष्णतेनं उमटणारा कागद, तो पत्र्यावर भाजून निघाला. जाऊबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "बिबडीसारखा परतला का नाही मधून?" मला मात्र रडू येत होतं.

वरचे वेढे फाडत गेले, तसा आत पांढरा कागद लागला. हीट तुझ्याच मूळच्या आठवर आणली. मेडिकलवाल्याचं मशीन टुंग वाजलं, तेव्हा तोच माझ्याआधी "वाजलं!" म्हणून ओरडला.

पण चांगली लेबलं निघाली एकशे तीस. शनिवारी तेवढीच पाकिटं गेली. दुकानदारानं अर्धी फळी ठेवली, अर्धी दिली दुसऱ्यांना. उरलेली सत्तर पाकिटं इथे खाटेखाली आहेत, आणि रोज झाडू मारताना मला डिवचतात. कागदाला ऊन चालत नाही, एवढं एक वाक्य बोलली असतीस तर?

आता फोनवर काही सांगू नकोस. नवा रोल पिशवीत घाल, सावलीत धर, आणि ये लवकर. बिबड्या तळून ठेवते.