अण्णांचं 'येऊ काय?'

जळून कोळसा झालेल्या घरातही अण्णा न विचारता शिरत नसत. दार उरलेलं नसायचं, छप्पर खाली आलेलं असायचं, तरी उंबरठ्यापाशी थांबून हाक मारायचे, "येऊ काय?" आगीनंतरचा राडारोडा उचलण्याच्या धंद्यातला हा माझा इथला, आखातातला प्रतिस्पर्धी, मूळचा देवगडचा. मला ते शुद्ध नाटक वाटायचं.

माझं काम झटपट. 'यल्ला', चला, म्हटलं की ट्रक दारात. अण्णा मात्र घरमालकाला उलट थांबवायचे. "आधी फोटो. मग अग्निशमनवाल्यांचा दाखला. मग इंजिनिअर भिंती तपासणार. पालिकेच्या परवानगीशिवाय एक वीट लावलीत, तर तीच पाडूची लागतली. खलास!" गिऱ्हाइकाला असं घाबरवून कोणी धंदा करतं? शारजातल्या एका वहिनींना मी अण्णांपेक्षा स्वस्त भाव दिला, वर परवानग्यांची धावपळही अंगावर घेतली. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं सगळं बरोबर आहे हो. पण अण्णा 'नाही' म्हणतात ना, तेव्हा भरवसा वाटतो." 'नाही' विकून खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग आमच्याच घरांच्या रांगेमागचं वाळकं गवत पेटलं. वाऱ्याने ठिणग्या आल्या आणि शेजाऱ्यांबरोबर माझंही स्वयंपाकघर गेलं. मी अबू धाबीला साइटवर होतो. गाडी हाणत पोचलो, तर माझ्याआधी अण्णा हजर! बायकोने पहिला फोन त्यांना केला होता.

"घरात कॉन्ट्रॅक्टर असताना?" मी ओरडलो.

"तुम्ही आल्या आल्या ट्रक मागवला असता. विमावाले बघायच्या आत सगळं साफ!" बायको म्हणाली.

वाटेतूनच मी फोन केला होता. ट्रक निघालाच होता.

अण्णांनी मात्र आत पाऊल टाकलं नव्हतं. झाडू घेऊन आलेल्या शेजाऱ्यांनाही त्यांनी अडवून धरलं होतं, "मालक येऊ देत." मला बघून त्यांनी हेल्मेट सारखं केलं आणि अंगणातूनच विचारलं, "शेठ, येऊ काय?"

दुसऱ्या कोणाला त्यांनी विचारलं असतं, तर मी हसलो असतो. मी नुसती मान डोलावली.

गेल्या वर्षी अण्णा कायमचे देवगडला गेले. त्यांची सगळी कामं आपसूक माझ्याकडे आली. म्हणजे जिंकलो मीच. हल्ली जळक्या घरापुढे थांबून मीसुद्धा विचारतो, "येऊ का?"

परवा एका घरमालकिणीने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"या ना, भाऊ. अण्णा नाही आले?"