नापास अध्यक्षबाई

ताईंचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि ताई आपल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात मेण, प्लॅस्टर आणि घासायच्या मशीनच्या घरघरीत बसून परक्या माणसांच्या बत्तिश्या जुळवायच्या. दिवसभर मान खाली. वर बघायचं ते फक्त फोन वाजला की.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्या सिरॅमिकचे दात शिकायला सहा आठवडे जपानला गेल्या. राहायच्या जागेमागे एक लांबट लाकडी शाळा होती. तिथे संध्याकाळी आसपासची माणसं जमून धनुष्यबाण चालवायची. एकदा ताई कठड्याबाहेर उभ्या राहिल्या. सत्तरीची एक बाई पुढे आली, पाय रोवले, भलंमोठं धनुष्य डोक्यावर उचललं, सावकाश ओढत गालापाशी आणलं आणि सोडलं. बाण लक्ष्याला लागला नाही. बाई मात्र हात पसरून तशीच शांत उभी, जणू हेच ठरलेलं होतं. ताईंना हे फार म्हणजे फारच आवडलं. त्यांच्या धंद्यात केसाएवढी चूक झाली तरी पेशंट कवळी काढून टेबलावर आपटायचा.

परतल्या त्या सात फुटांहून लांब धनुष्य घेऊनच. ते लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्यात वळेना. शेवटी शेजाऱ्यांच्या गॅलरीतून आत घेतलं. नवरा बस डेपोत टाइमकीपर. त्याने ते खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगं, हे पाहुणे किती दिवस राहणार?"

"कायमचे."

"मग पंख्याखालची जागा त्यांना दे. मी कुठेही झोपतो."

धनुष्य घरात मावलं, पण बाण सोडायला अठ्ठावीस मीटर जागा लागते. ताई क्रीडा कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने सांगितलं, हॉल फक्त नोंदणी असलेल्या संघटनेला मिळतो.

"मग करते नोंदणी."

"शहराची करायची की राष्ट्रीय?"

"फरक काय?"

"राष्ट्रीयचा फॉर्म एक पान कमी आहे."

ताईंनी राष्ट्रीय घेतला. अशा रीतीने जपानी धनुर्विद्येचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. अध्यक्ष ताई, चिटणीस नवरा, सभासद कोणी नाही. घरी येऊन फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की वर्षभरात पाच शहरांत शाखा हव्यात.

पाच शहरांत ताई कोणाला ओळखत होत्या? दातांच्या डॉक्टरांना. त्यांनी एकेकाला फोन लावला. "डॉक्टर, वाकून वाकून मान धरते ना तुमची? माझ्याकडे इलाज आहे." डॉक्टर यायचे. पेंढ्याच्या गाठोड्यावर दोन पावलांवरून पहिला बाण सोडायचे आणि घरी जाताना शाखा कबूल करून जायचे. कवळी वेळेवर हवी असेल तर शाखा काढा, असा दम ताईंनी दिल्याचं लोक सांगतात. ताईंनी ते कधी मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही.

नऊ वर्षांत सभासद झाले एकेचाळीस. त्यांतले तेहेतीस दातांचे डॉक्टर. उरलेल्यांत एक पियानो लावणारा होता. तो शेजारच्या हॉलमधला पियानो सुरात लावायला आला होता, चुकून या दारातून आत शिरला आणि परत गेलाच नाही.

मग एकदाची जपानहून परीक्षा घ्यायला गुरुजी येणार असं ठरलं. देशातली पहिलीच परीक्षा! ताईंनी पदर खोचला. लक्ष्यामागचा वाळूचा उतार, दुभाषी, गुरुजींची गादी, डॉक्टरांच्या जपानी झग्यांच्या नाड्या, सगळं त्याच बघत होत्या. सराव तेवढा राहिला. पण परीक्षा तर दोनच बाणांची, आणि आपणच तर सगळ्यांना शिकवलंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी निकालाचा कागद लागला. बारा जण बसले होते, अकरा पास. ताईंनी आपलं नाव वरून खाली शोधलं, मग खालून वर शोधलं.

गुरुजी दुभाष्यामार्फत अतिशय नम्रपणे म्हणाले, "बाण सोडण्याआधी आपण तीन वेळा दाराकडे पाहिलंत."

"चहा आला का ते बघत होते," ताई म्हणाल्या. दुभाष्याने याचं भाषांतर केलं नाही.

घरी नवरा काहीच बोलेना. त्याने निमूटपणे ताटं घेतली आणि पाण्याचा तांब्यासुद्धा आणून ठेवला. ताईंना त्याचीच धास्ती वाटली.

"तुम्ही काही बोलत का नाही?"

"बोललो तर रडशील."

"नाही रडणार."

"मग ऐक. ड्रायव्हरलाच ठेवून गाडी पुढे निघून गेली, असं आमच्या डेपोतसुद्धा कधी झालं नाही."

ताई पोट धरून हसल्या, आणि मग व्हायचं तेच झालं. बराच वेळ रडल्या.

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी राजीनामा ठेवला. नापास माणसाने अकरा पास झालेल्यांचं पुढारीपण करू नये, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. एका डॉक्टरांनी विचारलं, "राजीनामा मंजूर केला तर हॉलचा फॉर्म कोण भरणार?" रोज दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणारी ती सगळी मंडळी तोंड मिटून बसली.

शेवटी पियानोवाला उठला. "ताई, अध्यक्ष तुम्हीच राहा. बाकीचं सगळं आम्हाला द्या."

"सगळं म्हणजे?"

"वाळू, चहा, दार. सगळं."

हॉलच्या किल्ल्या ताईंनी दोनदा मोजून दिल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी वाळू भिजवली का हे विचारायला एका डॉक्टरांना सात फोन केले. सातव्या फोनला डॉक्टर म्हणाले, "ताई, माझ्या खुर्चीत पेशंट आ करून बसलाय. ठेवा आता."

त्या पुन्हा पेंढ्याच्या गाठोड्यासमोर उभ्या राहिल्या, अगदी नवशिक्यांच्या रांगेत. शिकवायला पियानोवाला, वयाने वीस वर्षांनी लहान. तो बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त. डोळे मिटून म्हणायचा, "दोरीचा आवाज घाईचा आला. पुन्हा." ताईंना सुरुवातीला राग आला. मग घाईचा आवाज त्यांनाही ओळखू येऊ लागला, आणि गंमत म्हणजे तो कारखान्यातल्या मशीनमध्येही ऐकू यायला लागला.

इकडे महासंघ त्यांच्या फोनांवाचून भराभरा वाढला. दोन वर्षांत चार नवीन शाखा निघाल्या. शिक्षिका आल्या, एक सुतार आला, एक अख्खं पोस्ट ऑफिस आलं. दात काढणारे अल्पमतात गेले. ताईंना आनंद झाला, पण जरा लागलंही. "माझ्यावाचून काही अडलं नाही म्हणायचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अडलं असतं तर तू सराव केला असतास का?"

ताईंनी विषय बदलून त्याच्या सुटलेल्या पोटावर नेला.

दुसऱ्या परीक्षेत ताई पास झाल्या. एक बाण लक्ष्याच्या कडेला लागला आणि दुसरा वाळूत गेला. गुरुजींनी कागदावर खूण केली आणि पुढच्याला बोलावलं, बस्स. ताईंना वाटलं होतं काहीतरी भाषण वगैरे होईल. अकरा वर्षांनी मिळालेली ती पहिली श्रेणी. सुताराला ती त्याच दिवशी मिळाली होती, दीड वर्षात.

महिन्याभराने प्रमाणपत्र पोस्टाने आलं. भारी कागद, लाल शिक्का, सगळं झकास. फक्त आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. नवऱ्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"अगं, दुरुस्तीला पाठव. हे भलत्याच बाईचं झालंय."

ताईंनी ते त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"नको," त्या म्हणाल्या. "परत परीक्षा घेतील."