कोमट लस

माझे वडील चर्चचे निवृत्त पाळक. जालन्यात राहतात आणि क्रिकेट बघताना पंचांना अशा शब्दांत झापतात, की घरी आलेली मंडळीतली माणसं छताकडे बघत बसतात. मला मात्र नोकरीवर रुजू होताना त्यांनी बजावलं होतं, "तोंडानं धर्म सांगत फिरू नकोस. तुझं जगणंच साक्ष झालं पाहिजे. लोक तुला बघतील आणि आपणहून विचारतील, बाबा रे, तू असा कसा?"

मी पशुधन पर्यवेक्षक. राजूरपासून थोडं आत एका गावात, जनावरांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. गावात ख्रिश्चन मी एकटा. तीन वर्षं मी साक्ष म्हणून जगलो. म्हणजे दारू प्यायलो नाही, पित्ताचा त्रास होता म्हणून. शिव्या दिल्या नाहीत, निदान मोठ्याने तरी. म्हशीने लाथ घातली तरी चेहरा हसरा ठेवला. विचारलं कोणीच नाही. एकदा चहाच्या टपरीवर एकजण खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू का?" मी सावरून बसलो. तो म्हणाला, "तुमच्यात लग्नात खरंच केक कापत्यात का?"

मग मेंढ्यांच्या लशीचा तो दिवस आला. गावाबाहेर एका धनगर कुटुंबाचा तळ पडला होता. एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि शेळ्यामेंढ्या मिळून सव्वाशे जनावरं. दुसऱ्या दिवशी ते टेंभुर्णीच्या बाजूला निघणार होते, म्हणून बुळकांडी रोगाची लस त्याच दिवशी टोचायची ठरली. ही लस बर्फातच राहावी लागते. गरम झाली की ती लस राहत नाही, नुसतं पाणी होतं.

मी तालुक्याहून लस घेऊन निघालो आणि राजूरला अडकलो. संकष्टी चतुर्थी होती. गणपतीच्या दर्शनाला इतकी गर्दी, की मोटारसायकल पुढे सरकेना. मला भूक लागली होती. समोर साबुदाण्याची खिचडी वाटत होते. उपास माझा नव्हता, पण वाढणाऱ्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन द्रोण खाल्ले. तिसऱ्याच्या रांगेत ओळखीचा एकजण भेटला, त्याच्याशी गप्पा झाल्या. लशीचा डबा तेवढा वेळ गाडीवर, उन्हात.

तळावर पोचून झाकण उघडलं तर बर्फाचा खडाही नव्हता. पाण्यात बोट घातलं. कोमट. समोर सव्वाशे जनावरं जाळीत कोंडलेली, मुलगा आणि सून एकेक धरायला तयार. मी देवाशी थोडी घासाघीस केली, की चालेल ना एवढं? देव काही बोलला नाही. त्याला मी होकार समजलो आणि टोचत सुटलो. निघताना म्हातारीने मेंढीच्या दुधाचा चहा पाजला.

सकाळी उठलो तेव्हा खिचडी पचली होती, ती लस मात्र डोक्यातून जाईना. वाटलं, वडिलांना फोन करावा. मग वाटलं, नको, ते काय म्हणतील हे फोन न करताही ऐकू येतंय. सरळ तालुक्याला गेलो आणि साहेबांना खरं सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"रजिस्टरला नोंद झालीय ना?"

"झालीय."

"मेंढरं गेली ना इथून?"

"गेली."

"मग कशाला ओढवून घेता? लस वाया गेली असं लेखी द्यावं लागेल."

दिलं. माझ्याच सुरेख अक्षरात माझाच गाढवपणा. नवीन लस आणि काठोकाठ बर्फ घेऊन निघालो, आणि या वेळी राजूरला मान वर करून बघितलंसुद्धा नाही. टेंभुर्णीच्या पुढे, कापूस उपटलेल्या एका रानात तळ सापडला. म्हातारी मला बघून उठून उभी राहिली.

"काय रे डाक्टर, काही विसरलं का?"

"मावशी, काल टोचलेली लस खराब होती. उन्हात राहिली माझ्याकडून. परत टोचावं लागंल."

"सगळ्यायला?"

"सगळ्यांना."

पुढची पाच मिनिटं तिने मला जे ऐकवलं त्यात माझे आजोबा-पणजोबाही आले. मुलगा हसू दाबत जाळी लावायला गेला. शिव्या संपल्यावर ती म्हणाली, "तुला माहीत होतं ती खराब हाय म्हणून?"

"माहीत होतं."

"आन् आमाला तर काहीच कळलं नसतं. मंग एवढ्या उन्हात कशाला मरायला आला? तू असा कसा रे?"

तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न माझ्यापुढे उभा होता आणि मी घामाने निथळत होतो. घोकून ठेवलेलं भाषण होतं, त्यातला एक शब्द आठवेना. मी म्हणालो, "आमचे वडील म्हणतात, लोक तुझ्याकडं बघूनच आपल्या येशूला ओळखतील."

म्हातारीने मला वरून खालपर्यंत बघितलं. "मंग त्या बिचाऱ्याचं अवघडच हाय," ती म्हणाली आणि पदर तोंडावर धरून हसत सुटली. मग स्वतः उठली आणि पहिली मेंढी धरून तिनेच पुढे केली.

तिने ही गोष्ट प्रत्येक तळावर सांगितली, खिचडीसकट. खिचडीचं तिला कोणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. दुसरे मेंढपाळ आता मी दिसलो की आधी डब्यात हात घालून बर्फ चाचपतात आणि मगच जनावर सोडतात.

यंदा ते लोक परत आमच्या बाजूला आले आणि एका दुपारी तिचा फोन आला. मेंढी अडली होती. मी पोचलो तर पिल्लू आडवं फिरलेलं. म्हातारीने मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला आणि तिच्या देवाचं नाव घेतलं. मी आत हात घालून, ओठ न हलवता, माझ्या देवाला विनवत होतो. तिने ते बरोबर ओळखलं.

"जोरात म्हण की. चोरून काय करून राह्यला? ऐकू दे सगळ्यायला."

मग आयुष्यात पहिल्यांदा मी रानात, उघड्यावर, मोठ्याने प्रार्थना केली. पाळकाचा मुलगा असून शब्द चुकले. मध्येच मेंढीने माझ्या चपलेवर लेंड्या टाकल्या. मुलगा आणि सून टोपी-पदर सावरून उभे होते. जुळी होती. पहिलं मेलेलंच निघालं. दुसऱ्याच्या नाकातला चिकटा पुसून, मागचे पाय धरून झुलवलं, तेव्हा ते खोकलं आणि ओरडायला लागलं.

म्हातारीने मेलेलं पिल्लू फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं, जिवंत पिल्लू आईच्या तोंडाशी सरकवलं आणि माझ्या हातावर तांब्याने पाणी ओतायला लागली. "नीट चोळ," ती म्हणाली. "कोपरालाबी लागलंय."