जिजाजींचा मे महिना

मे महिना हवा तेव्हा सुरू करणारा आणि नको तेव्हा बंद करणारा माणूस साऱ्या चंद्रपुरात एकच झाला, तो म्हणजे माझे जिजाजी. एसीवर ताऱ्यांची पट्टी चिकटवायचे दिवस नुकतेच आले होते. वीज कमी खाणाऱ्याला तारे जास्त. मशीन प्रयोगशाळेत जाण्याआधी ते नियमात बसेल की नाही हे कॉम्प्युटरवर ताडून बघायचं, हे जिजाजींचं कंपनीतलं काम. त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं. त्यात भिंती उभ्या करायच्या, ऊन सोडायचं, एसी लावायचा, की चहा होईस्तोवर अख्खा उन्हाळा उलटून जायचा. आम्ही घामाने निथळत बसलेलो आणि हे पडद्यासमोर डोळे अर्धे मिटून म्हणणार, "आता कसं बरं वाटून राह्यलं!" एकदा तर ताईला त्यांनी शाल मागितली. ताई म्हणाली, "वेड लागाचंच बाकी होतं, तेही झालं आता."

त्या सॉफ्टवेअरात खोलीतली माणसंही भरावी लागत, कारण माणसाच्या अंगाची ऊब एसीला सोसावी लागते. जिजाजींच्या लेखी माणूस म्हणजे एक लहानशी शेगडी. सिंदेवाहीला एका लग्नात मंडपभर नजर फिरवून ते मोठ्याने म्हणाले, "बाप्पा! इतक्या शेगड्या, अन् पंखे दोनच?" वधूची आई बिचारी जेवण सोडून शेगड्या शोधत फिरली. रागवावं तरी कसं? तोवर हे आंब्याखाली उभे राहून सावलीच्या थंडाव्याचा मनातल्या मनात अंदाज घेत होते.

पण एका उन्हाळ्यात या स्वप्नाळूपणापायी नोकरीच जायची पाळी आली. कंपनीच्या मोठ्या साहेबांना शंका आली, की हे घरबसल्या गोड आकडे काढतात. त्यांनी सांगितलं, चंद्रपूरच्याच खऱ्या खोलीत, खऱ्या मे महिन्यात एसी लावा. मीटर आणि कॉम्प्युटर जुळले तर ठीक, नाही तर दुसरं काम बघा. एसी लागला जिजाजींच्या आईच्या खोलीत. आई तिथे दिवसभर पलंगावर बसून लसूण सोलत असायच्या. साहेब तपासायला आले, तर मीटर उधळलेलं! कॉम्प्युटर सांगत होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. जिजाजींचा चेहरा पांढराफटक पडला. ताई स्वयंपाकघरात देवाला हात जोडून उभी राहिली.

जिजाजी आईच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. पलंगाजवळची खिडकी सताड उघडी.

"आई, एसी चालू असताना खिडकी काऊन उघडली?"

"काऊन म्हंजे? खिडकी लावली तं हवा कुठून येईन रे बाबू?"

आमच्याकडे सारा जन्म कूलरपुढे गेलेला. खिडकी लावून कूलर चालवला तर हवा कोंदते, अंथरूणसुद्धा ओलं लागतं. आईंनी एसीलाही तोच न्याय लावला होता. साहेब म्हणाले, "खिडकी लावा, पुन्हा मोजू." जिजाजी म्हणाले, "तुम्हीच सांगून पाहा जी." साहेब आत गेले. बऱ्याच वेळाने ताक पिऊन, मिशा पुसत बाहेर आले. खिडकी उघडीच होती. मग जिजाजींनी मुकाट्याने कॉम्प्युटरमधल्या खोलीचीही खिडकी उघडली, कळ दाबली, आणि आकडा मीटरला येऊन भिडला. साहेब हसले. नोकरी वाचली. त्या आनंदात ताईने शिरा केला आणि साखर घालायची विसरली, तरी सगळ्यांनी तो दोनदा मागून घेतला.

आई जाऊन आता दोन उन्हाळे झाले. परवा दुपारी गेलो तर जिजाजी पडद्यापुढे बसले होते. पडद्यावर तीच खोली, तीच सताड खिडकी, आणि आत एक माणूस, बसलेला. मी चाचरत म्हटलं, "जिजाजी, खोलीत आता कोणी नाही ना? मग हा माणूस?"

"काढून पाह्यला होता गा एकदा," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "खोली लईच थंड पडते."

बाहेर ऊन रणरणत होतं. ताईने आतून न मागता शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली.